चाचेपटाच्या पुढच्या भागाचा तर्क कसा बांधावा: उधारीच्या वहीपासून बंद पाकिटापर्यंत

गोव्यात रायबंदरहून सुटलेली फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागते, तेवढ्या वेळात माझा भाचा कॅप्टन जॅक स्पॅरोला एकदा मारतो आणि दोनदा जिवंत करतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चे पाचही भाग त्याला पाठ आहेत. तरी पुढच्या भागाबद्दल तो जे बोलतो त्यातलं निम्मं सिनेमाच्याच नियमात बसत नाही.

एकट्या त्याचंच असं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बाहेर पाऊस कोसळत असतो, अशा दिवसांत आमच्या घरी आठ-दहा जण जमतात. पाचपैकी एक भाग लावायचा, संपला की टीव्ही बंद, आणि ज्यांनी पुढचा पाहिलेला नाही त्यांनी त्यात काय होणार ते सांगायचं. उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळतं, त्यामुळे सरावाला याहून चांगला मार्ग नाही. दरवर्षी नवी पोरं येतात आणि त्याच त्याच ठिकाणी घसरतात. आधी आवडतं पात्र धरतात, मग त्याच्यासाठी पुरावे गोळा करतात. काम उलट्या क्रमानं करायचं असतं, एवढ्यासाठी हा लेख.

यात पाचही भागांची गुपितं उघडी पडली आहेत. पाहिले नसतील तर आधी पाहून या.

## तयारी: बसण्याआधी काय हवं

एक दोनशे पानी आखीव वही आणि पेन्सिल. जेल पेन नको. आमच्याकडे आषाढात कागद इतका दमट होतो की जेलची शाई मागच्या पानावर उमटते आणि ‘जिवंत’ की ‘मेला’ तेच वाचता येत नाही.

सिनेमा अधिकृत आणि पूर्ण लांबीचा हवा. टीव्हीवर लागतो तो चालणार नाही. एक तर प्रसंग कापलेले असतात, आणि श्रेयनामावली सुरू झाली की वाहिनी लगेच पुढच्या कार्यक्रमाकडे वळते. या मालिकेत पाचही भागांना श्रेयनामावलीनंतरचा एक छोटा प्रसंग आहे, आणि पुढच्या भागाचा सगळ्यात मोठा इशारा कधी कधी तिथेच असतो. हिंदी डबिंग ऐकायला मजा येते, मलाही येते. पण शाप, करार, शपथ यांचे संवाद मूळ आवाजात आणि उपशीर्षकांसह पाहा. ‘मारेल तो कप्तान होईल’ आणि ‘मारेल त्याला कप्तान व्हावं लागेल’ यात सगळं कथानक फिरतं.

माणसं किमान तीन हवीत, आणि त्यातलं एक तरी या मालिकेवर फिदा नसलेलं. आमच्यात ते काम शेजारचे काका करतात. हयात जहाजावर गेलेले तारवटी. पडद्यावर वाऱ्याच्या तोंडावर शीड फुगलेलं दिसलं की ते उठून चहा करायला जातात. असा माणूस सोन्यासारखा जपावा.

भाग ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं पाहा: २००३, २००६, २००७, २०११, २०१७. दुसरा आणि तिसरा ही जोडी समजा, ते एका दमात चित्रित झालेले आहेत. त्यानंतर चार आणि सहा वर्षांची खिंडारं आहेत आणि दिग्दर्शकही बदललेले आहेत. हे पुढे लागणार आहे.

## १. दोनदा पाहा, दोन वेगळ्या कामांसाठी

पहिल्यांदा वही बंद. रिमोट दुसऱ्याच्या हातात. सिनेमा जसा पाहायचा तसा पाहा, भजी खा, हसा. या वेळी फक्त एकच लक्षात ठेवायचं: आपल्याला कुठे फसवलं गेलं. कारण लेखकाची सवय तिथे कळते.

दुसऱ्यांदा थांबवत थांबवत. प्रत्येक नोंदीपुढे भाग आणि मिनिट लिहा. ‘मध्यावर कुठेतरी’ ही नोंद नव्हे.

काय टिपायचं? ज्या गोष्टीचं त्या प्रसंगात काही काम नाही आणि तरी कॅमेरा तिच्याकडे गेला, ती. दुसऱ्या भागात जादूटोणा करणाऱ्या तिया दाल्माच्या झोपडीत जॅक आपलं न मरणारं माकड तिला मोबदला म्हणून देतो. माकड सुटतं आणि आतल्या खोलीकडे पळतं. तिथे कुणीतरी आडवं पडलेलं आहे, आपल्याला दिसतात ते फक्त बूट. प्रसंग पुढे सरकतो आणि आपण विसरून जातो. सिनेमाच्या अगदी शेवटी जिन्यावरून सफरचंद खात बार्बोसा उतरतो, पहिल्या भागात गोळी खाऊन मेलेला चाचा. माकड त्याचंच होतं. ते आपल्या मालकाकडे पळालं होतं, आणि आपण सगळे जॅककडे पाहत होतो.

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तो २००६ साली पणजीत, जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या चित्रपटगृहात. बूट मला दिसले नव्हते. तिसऱ्या वेळी दिसले. त्यामुळे दोनदा हा आकडा सुद्धा मी सूट देऊन सांगतोय.

तपासणी: दुसऱ्या पाहण्यानंतर वहीत वीसपेक्षा कमी नोंदी असतील तर तुम्ही गोष्टीत रमलात. पन्नासपेक्षा जास्त असतील तर सगळंच टिपलंत. दोन्ही वेळी निम्मा भाग पुन्हा पाहा.

## २. उधारीची वही घाला

तर्काचा पाया हा टप्पा आहे. घाईनं उरकू नका.

गावातल्या दुकानदाराची वही पाहिली आहे ना? नाव, माल, रक्कम, तारीख, आणि पैसे आले की आडवी रेघ. तशीच वही सिनेमाची घालायची. सिनेमानं स्वतः प्रश्न उभा केला आणि उत्तर दिलं नाही, तर ती उधारी. पुढच्या भागात उत्तर मिळालं की रेघ.

पहिल्या भागात पोर्ट रॉयलच्या धक्क्यावर नौदलाचा अधिकारी नॉरिंग्टन जॅकची बाही वर करतो, हातावर डागलेलं ‘पी’ (पायरेट, म्हणजे चाचा) अक्षर पाहतो आणि ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनीचं नाव घेतो. बस्स. त्या भागात कंपनीचा माणूस कुठेच येत नाही. मग हे नाव घेतलं कशाला? ही उधारी. दुसऱ्या भागात कंपनीचा बेकेट येतो, डागणारा तोच निघतो, आणि ‘पी’पुढे रेघ बसते.

तसाच तरुण नायक विलचा बाप, बूटस्ट्रॅप बिल. पहिल्या भागात तो दिसतच नाही. तोफ बांधून त्याला समुद्रात ढकललं, एवढं दोन चाचे सांगतात. पण त्याच वेळी त्या जहाजावरचा शाप असा होता की कुणी मरतच नव्हतं. म्हणजे मरू न शकणारा माणूस समुद्राच्या तळाशी. कुणी प्रेत पाहिलेलं नाही. २००३ साली ज्यानं वही घातली असती त्याला २००६ चा ‘फ्लाइंग डचमन’ या शापित जहाजावरचा बूटस्ट्रॅप बिल आधीच दिसला असता. निदान अंधुक तरी.

आता वसूल न झालेली. दुसऱ्या भागात बेकेट म्हणतो की त्यानं आणि जॅकनं एकमेकांवर खूण सोडली आहे. विल विचारतो, त्यानं तुमच्यावर कोणती खूण सोडली? बेकेट उत्तर देत नाही, आणि तिसऱ्या भागात तो मरतो तरी देत नाही. चौथ्या भागाच्या श्रेयनामावलीनंतर निर्जन बेटावर सोडलेल्या अँजेलिकाच्या, जॅकच्या जुन्या प्रेयसीच्या, पायाशी जॅकची जादूटोण्याची बाहुली वाहत येते, ती हसते. पाचव्या भागात ना अँजेलिका, ना बाहुली.

यावरूनच पुढचा इशारा. उधारी आहे म्हणजे ती वसूल होईलच असं नाही. पहिल्या चार भागांच्या पटकथा टेड एलियट आणि टेरी रॉसिओ यांच्या, पाचव्याची जेफ नॅथन्सन यांची. दुकान दुसऱ्यानं चालवायला घेतलं की जुन्या मालकाची किरकोळ बाकी बुडीत खात्यात जाते. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे लिहा: ही बाकी मुख्य कथेला धरून आहे की लटकलेली आहे? बाटलीत कोंडलेलं ‘ब्लॅक पर्ल’ चौथ्या भागाची बाकी होती. जहाजाशिवाय मालिकाच चालत नाही, म्हणून ती पाचव्यात वसूल झाली. बाहुलीशिवाय चालतं.

आणि पोरांना नेहमी सांगावं लागतं ते: ‘मला जाणून घ्यायचंय’ ही उधारी नव्हे. जॅकचा बाप तिसऱ्या भागात दिसला, त्याची आई कोण हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल, पण त्या कुतूहलाचे पैसे सिनेमानं तुमच्याकडून घेतलेले नाहीत.

## ३. नियमांचं पान वेगळं ठेवा

चाचेपटात जादू असते, पण जादूला कायदा असतो. कायदा आधी लिहून काढा, मग कोण सुटेल आणि कोण अडकेल ते बोला.

प्रत्येक नियमाला तीन ओळी: नियम काय, कुणी सांगितला, पडद्यावर घडताना दिसला का. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. चाचे खोटं बोलतात, हो. पडद्यावर घडलेलं मात्र खोटं नसतं.

उदाहरण म्हणून जॅकच्या होकायंत्राचं पान घेऊ, कारण ते सगळ्यांत चिघळलेलं आहे. पहिल्या भागात ते उत्तर दिशा दाखवत नाही, एवढंच कळतं. दुसऱ्यात कळतं की हातात धरणाऱ्याला जे सर्वांत जास्त हवं त्याची दिशा ते दाखवतं. जॅकनं ते तिया दाल्माकडून सौद्यात मिळवलं हेही तिथेच कळतं. पाचव्या भागात मात्र तरुण जॅकला ते मरता कप्तान देतो. वर नवा नियम: होकायंत्राशी दगा केला तर तुमची सर्वांत मोठी भीती मोकाट सुटते. जॅक दारूच्या बाटलीसाठी ते देऊन टाकतो आणि त्याचा जुना वैरी सालाझार सुटतो. पण चौथ्या भागात त्यानं ते आपल्या साथीदाराच्या, गिब्जच्या हाती सोपवलं होतं, तेव्हा काहीच सुटलं नव्हतं!

सावधान: चूक आणि खूण यांत गल्लत करू नका. होकायंत्र दोनदा मिळाल्याचा धागा पकडून माझ्या भाच्यानं ‘दोन होकायंत्रं आहेत, दुसरं अजून तिया दाल्माकडे आहे’ असा पाच पानी तर्क लिहिला होता. सुंदर होता. पण लेखक बदलल्यावर राहिलेली ही विसंगती आहे, तिला कट समजू नये. ओळखायचं कसं? पेरलेल्या खुणेकडे सिनेमा स्वतः एकदा तरी मान वळवतो: कॅमेरा थांबतो, पात्र अडखळतं, संगीत बदलतं. चुकीकडे सिनेमा पाहतच नाही, कारण त्याला ती ठाऊकच नसते.

दुसरी घसरण यापेक्षा मोठी आहे. नियम पूर्ण होण्याआधी तो पूर्ण झाला असं धरणं. तिसऱ्या भागात विल डचमनचा कप्तान होतो: दहा वर्षं समुद्रात, एक दिवस जमिनीवर. श्रेयनामावलीनंतर दहा वर्षं उलटलेली, त्याची बायको एलिझाबेथ आणि मुलगा हेन्री कड्यावर उभे, क्षितिजावर हिरवी चमक, जहाज येताना दिसतं. आमच्या घरातल्या प्रत्येक तुकडीनं दरवर्षी इथे लिहिलंय: विल सुटला. पाचव्या भागाची सुरुवातच अशी की लहानगा हेन्री समुद्राच्या तळाशी बापाला भेटायला जातो आणि विल अजून बांधलेलाच आहे, चेहऱ्यावर शिंपले धरलेले. पडद्यावर काय दिसलं होतं? तो आला. ‘सुटला’ हा शब्द आपण घातला.

तपासणी: नियमाच्या पानावर ‘म्हणजेच’, ‘अर्थात’, ‘साहजिकच’ हे शब्द शोधा. त्यापुढचं वाक्य सिनेमाचं नाही, तुमचं आहे. खोडा.

## ४. माणसांची पानं

पेडण्याच्या बाजूला जत्रेत दशावतार पाहिला असेल तर हा टप्पा समजवावा लागणार नाही. राक्षस मरणार हे पुढे मांडी घालून बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. लिहिलेली संहिता नाही, बोलणं आयत्या वेळचं. तरी रात्रभर कुणी उठत नाही, कारण तो कशाच्या लोभापायी मरणार आणि कुणाच्या हातून, हे पाहायचं असतं. कलाटणी घटनेत कमी असते, माणसाच्या हव्यासात जास्त.

प्रत्येक मुख्य पात्राला अर्धं पान. त्याला काय हवं. ते मिळवताना तो कुणाला विकेल. कुणाला विकणार नाही. तिसरी ओळ रिकामी राहिली तर तोच माणूस पुढच्या भागात दगा देणार, असं धरून चाला.

नॉरिंग्टन पाहा. पहिल्या भागात कडक, सरळ, शिस्तीचा. त्याला हवी ती पत आणि एलिझाबेथ. भागाच्या शेवटी एलिझाबेथ गेली. उरली पत. दुसऱ्या भागात ती पण गेलेली, दारू पिऊन चिखलात पडलेला. अशा माणसापुढे पत परत मिळवण्याचं साधन ठेवलं तर? तो डचमनच्या कप्तानाचं, डेव्ही जोन्सचं हृदय पळवून बेकेटच्या टेबलावर नेऊन ठेवतो. धक्का बसतो, पण हिशेब चुकत नाही. एलिझाबेथचं पण तसंच. जॅकला डोलकाठीला बेड्या घालून क्राकेन या समुद्री राक्षसाच्या तोंडी सोडते ती. ‘नायिका असं करणार नाही’ म्हणणाऱ्यांनी तिची दुसरी ओळ भरलेलीच नव्हती.

### मेलेल्यांचा स्वतंत्र कागद

चाचेपटात सर्वांत जास्त तर्क मेलेल्यांवरच होतात, म्हणून त्यांना वेगळा कागद. प्रत्येक नावापुढे क्रमानं चार प्रश्न:

१. प्रेत दिसलं का, आणि कुणी पाहिलं?
२. परत आणणारा नियम आधीच्या भागांत आहे का?
३. परत आणणारं माणूस आज कुठे आहे?
४. तो परत आला तर कथेत असं काय होईल जे त्याच्याविना होत नाही?

चौथ्याचं उत्तर ‘मजा येईल’ असेल तर कागद चुरगळून टाका.

बार्बोसा पाचव्या भागात मुलगी करीनाला वाचवताना सालाझारला मारून खाली कोसळतो, वरून समुद्र मिटतो. पहिला प्रश्न: प्रेत दिसलं नाही. दुसरा: नियम आहे, एकदा परत आलाच होता. तिसरा: आणणारी तिया दाल्मा म्हणजे समुद्रदेवी कॅलिप्सो, तिसऱ्या भागात मोकळी होऊन समुद्रात विरली. म्हणजे आहे, पण कुणाच्या हाकेला ओ देईल असं नाही. इथपर्यंत सगळं जुळतं. चौथा प्रश्न मात्र जड जातो. मुलीसाठी मरणं हीच त्याची शेवटची किंमत होती, परत आणलं तर ती किंमतच परत केल्यासारखं होतं. मी त्याला शंभरात पंधरा देतो. भाचा नव्वद देतो. बघू.

## ५. बाहेरची माहिती: चिमूटभरच

वरचे चार टप्पे झाल्याखेरीज ट्रेलर, मुलाखती, कलाकारांची नावं यांना हात लावू नका. क्रम उलटा केला की वही घालण्यात अर्थ उरत नाही. डोळ्यांना फक्त ट्रेलरला जुळणारं दिसायला लागतं.

नटाचं नाव यादीत आहे, एवढ्यावर पात्र जिवंत ठरत नाही. आठवण असू शकते, स्वप्न असू शकतं, भूतकाळ असू शकतो. पाचव्या भागात एलिझाबेथ आहे, पण एक शब्द बोलत नाही. तिचं नाव यादीत पाहून ‘एलिझाबेथ पुन्हा चाच्यांची राणी’ लिहिणाऱ्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आता इतिहास. इथे आपण मराठी माणसं जरा जास्तच वाहवत जातो. तिसऱ्या भागात नऊ चाचे सरदारांची सभा भरते आणि त्यांत हिंदी महासागराचा म्हणून ‘श्री संभाजी’ बसलेला असतो. कान्होजी आंग्र्यांच्या मुलाचं, सरखेल संभाजी आंग्र्यांचं नाव उचललेलं आहे हे उघड आहे. आरमाराच्या सरखेलाला चाच्यांत बसवल्याचा राग निराळा, तो इथे नको. पण त्या वर्षी आमच्यातल्या एकानं छातीठोक लिहून दिलं: चौथ्या भागात आंग्र्यांचं आरमार येणार, लढाई अग्वाद किल्ल्याच्या समोर होणार. पानभर नकाशा काढला. मांडवीच्या मुखावरची रेतीची दांडी पण दाखवली, पावसाळ्यात मोठी जहाजं आत येत नाहीत म्हणून लढाई ऑक्टोबरनंतर. काकांनी नकाशाला पैकीच्या पैकी गुण दिले, तर्काला शून्य. संभाजीकडे सिनेमानं एक विनोद सोपवला होता, उधारी एकही ठेवली नव्हती.

तारखांवरून तर तर्क बांधूच नका. खरा चाचा ब्लॅकबिअर्ड १७१८ साली मारला गेला. चौथ्या भागात तो जिवंत आहे आणि त्याच भागात राजा दुसरा जॉर्ज सिंहासनावर आहे, जो १७२७ साली गादीवर आला. खुद्द आंग्र्यांचा संभाजी १७४२ साली वारला. या मालिकेत इतिहास भिंतीच्या रंगासारखा आहे. त्यावर तुळई टेकवायची नाही.

बाहेरच्या माहितीतून घ्यायचं ते एवढंच: लेखक तेच आहेत का, दिग्दर्शक तोच आहे का, मध्ये किती वर्षं गेली. यावरून उधारीतली कुठली बाकी बुडणार याचा अंदाज येतो.

## ६. तर्क लिहा

आता कुठे तर्क. बोलू नका, लिहा. बोललेला तर्क सिनेमा पाहून आल्यावर आपोआप वाकतो. ‘मी असंच म्हणत होतो’ म्हणणारे आमच्या घरात पाच आहेत.

साचा असा. एका वाक्यात काय होणार. खाली तीन आधार, भाग आणि मिनिटासह. त्यांतला एक तरी उधारीच्या वहीतला, एक नियमांच्या पानावरचा. मग विरुद्ध जाणारी सर्वांत भक्कम गोष्ट. मग, काय दिसलं तर हा तर्क मेला. शेवटी शंभरातले किती.

एक पूर्ण करून दाखवतो. पाचव्या भागाच्या श्रेयनामावलीनंतर विल आणि एलिझाबेथ झोपलेले आहेत, कुणाची तरी सावली आत येते, खेकड्याच्या नांगीसारखा हात वर उठतो, विल दचकून जागा होतो. कुणी नाही. स्वप्न समजून तो पुन्हा आडवा होतो आणि कॅमेरा खाली उतरतो: ओल्या जमिनीवर शिंपले.

बहुतेकांचा तर्क: डेव्ही जोन्स परत येणार. आधार सरळ दिसतो, नांगी त्याचीच. पण नियमांचं पान उघडा. तिसऱ्या भागात त्याच्या हृदयात वार झाला, तो मेला, त्याची जागा विलनं घेतली. बरं, पाचव्या भागात समुद्रदेवाचा त्रिशूळ मोडला आणि समुद्रावरचे सगळे शाप तुटले. त्यामुळे तो परत आला असं म्हणा. पण शापच तुटले असतील तर नांगी कशी उरली? ते रूपच मुळी कर्तव्य सोडल्यानं जडलेलं. शाप तुटल्यावर परत येणारा जोन्स साध्या माणसाच्या चेहऱ्यानं यायला हवा. एकाच घटनेनं तो जिवंत पण झाला आणि नांगी पण राहिली, हे दोन्ही हातांनी लाडू खाणं झालं.

म्हणून माझ्या पाकिटातलं वाक्य वेगळं आहे: *जमिनीवरचे शिंपले विलच्या अंगावरचे आहेत. तो पूर्ण सुटलेला नाही, आणि पुढच्या भागात त्याला परत समुद्र ओढणार.* आधार एक: पाचव्या भागाच्या सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर हेच शिंपले दिसलेत. दोन: डचमनला कप्तान लागतोच, हा नियम तिसऱ्या भागात घडताना दिसलाय. शाप तुटल्यावर ते जहाज कोण चालवतं याचं उत्तर सिनेमानं दिलेलं नाही, म्हणजे उधारी. तीन: ‘विल सुटला’ असं आपण एकदा समजलो होतो आणि तोंडावर पडलो होतो. मालिकेला ही सवय आहे. विरुद्ध: नांगीची सावली इतकी ठळक आहे की केवळ स्वप्नासाठी ती दाखवणं फसवणूक ठरेल. मेला कधी म्हणायचं: जोन्स जागेपणी, विलच्या अनुपस्थितीत, दुसऱ्या कुणाला दिसला तर. शंभरात चाळीस.

चाळीस कमी वाटतात? पंचावन्नच्या वर जाणारा तर्क चाचेपटात मी फार क्वचित लिहिलाय.

## ७. फत्तरावर आपटा

लिहिलेला तर्क ज्याला मालिका आवडत नाही त्याच्या हाती द्या. त्यानं दोनच गोष्टी करायच्या. पहिली, तेच तीन आधार घेऊन वेगळं उत्तर काढून दाखवायचं. काकांनी माझ्याच आधारांवरून ‘शिंपले हेन्रीचे, आता पोराची पाळी’ असं दोन मिनिटांत काढून दाखवलं. मला ते आवडलं नाही, पण माझे पन्नासाचे चाळीस तिथेच झाले.

दुसरी, विचारायचं: हे खरं ठरलं तर सिनेमा अडीच तास चालेल का? क्राकेन हे उदाहरण लक्षात असू द्या. दुसऱ्या भागानंतर कुणीही त्याच्याशी अंतिम लढाईचा तर्क केला असता. तिसऱ्या भागात तो किनाऱ्यावर मेलेलाच सापडतो, बेकेटच्या हुकमावरून जोन्सनंच मारलेला, पडद्याबाहेर. एकदा झालेली लढाई लेखकाला पुन्हा नको होती. ‘मोठं आहे म्हणून परत येईल’ हा आधार होत नाही.

वाद चढला की थांबा. आमच्याकडे नियम असा आहे की आवाज वाढला की दोघांनी जाऊन कोपऱ्यावरच्या गाड्यावरून सगळ्यांसाठी रस-आमलेट आणायचं. येईपर्यंत तर्क निम्मे होतात.

## ८. पाकीट आणि गुण

तर्क घडी घालून पाकिटात, वर नाव आणि तारीख, पाकीट चिकटवून तिसऱ्याच्या ताब्यात. ट्रेलर आल्यावर बदल करायचा असेल तर नवं पाकीट, जुनं तसंच राहील. सिनेमा पाहून आल्यावर दोन्ही फोडायची. ज्यांनी अजून पाहिलेला नाही त्यांच्यासमोर मुळीच नाही, फेरीबोटीत तर नाहीच. तिथे कान फार असतात.

गुण देताना ‘बरोबर’ आणि ‘चूक’ एवढ्यावर थांबू नका. निकाल बरोबर पण आधार चुकीचे असतील तर शून्य, तो मटका लागलेला आहे. निकाल चूक पण सिनेमानं तुमच्याच उधारीला दुसऱ्या मार्गानं रेघ मारली तर अर्धे गुण. ज्यानं शंभरात नव्वद लिहून तोंडावर पडला त्याचे उणे. भाच्याचं खातं तीन वर्षं उण्यात आहे.

हा लेख लिहीपर्यंत सहावा भाग आलेला नाही, त्यामुळे पाकिटं जास्त काळ ठेवावी लागतात. नुसती कपाटात ठेवाल तर दोन पावसाळ्यांत बुरशी धरेल आणि गोंद सुटून ती आपणहून उघडतील. झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात तळाला मूठभर उकडे तांदूळ घाला, वर वर्तमानपत्र, त्यावर पाकिटं. तांदूळ दर जूनला बदला. आमच्या डब्यावर आईनं खडूनं ‘चाचे’ लिहून ठेवलंय, म्हणजे चुकून कुणी भात लावायला घेऊ नये.